कोठारातले मांजर : राखण किती, जोखीम किती?

झोडणी आटोपून भात कणगीत पडले, बाजरीची पोती थप्पीला लागली, की ज्यांनी पेरणी केली नाही आणि कापणीलाही हात लावला नाही असे पाहुणे रात्री कोठारात उतरतात. त्यांच्या जेवणाचा हिशेब आपण सहसा मांडीत नाही. मोठा उंदीर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम धान्य खातो. असे दहा उंदीर घरात असले तर वर्षाकाठी ९० किलो धान्य गेले, आणि हे केवळ त्यांच्या पोटात गेलेले. कुरतडलेली पोती, सांडलेले दाणे, मुताने व लेंड्यांनी नासलेले धान्य यांचा हिशेब निराळा. घूस तर घरापर्यंत येण्याचीही वाट पाहत नाही. बांधाच्या पोटात बिळे करून लोंब्या व कणसे तिथेच साठवून ठेवते.

म्हणून पुष्कळ शेतकरी बंधुभगिनी विचारतात की कोठाराला एखादे मांजर ठेवावे काय? प्रश्न साधा दिसतो. शेजारच्याकडे पिल्ले झालेली असतात, एक उचलून आणले की झाले, असे वाटते. पण मांजर घरात येते ते आपले दात, नखे, विष्ठा व पुढल्या पिढ्या बरोबर घेऊन येते, आणि त्या घरात लहान मुले असतात, एखादी सून गरोदर असते, खुराड्यात कोंबडीची पिल्ले असतात. तेव्हा दोन्ही बाजू नीट पाहून मग ठरवावे हे बरे.

उंदीर आणि रोग यांचे नाते माणसाला फार पूर्वीपासून जाणवत आले आहे. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात पलिष्ट्यांवर गाठींची पीडा आली तेव्हा त्यांनी प्रायश्चित्त म्हणून सोन्याच्या पाच गाठी व सोन्याचे पाच उंदीर करून पाठविले, अशी हकिकत आहे. गाठ आणि उंदीर एकाच ताटात! त्याचे शास्त्रीय कारण कळायला मात्र एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात, जिथे धान्याची गुदामे दाटीवाटीने उभी होती तिथे, तापाचे विचित्र रोगी आढळू लागले. हा गाठीचा प्लेग आहे हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे, आपल्याच धर्माचे. त्यांचा पुतळा मुंबईत धोबीतलावाजवळ आजही उभा आहे. पुढे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की प्लेग उंदरावरून माणसावर येतो तो उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत.

आता मांजराच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष आपल्या वऱ्हाडातली आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. अमरावतीस अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर होते. प्लेगची साथ गावोगाव फिरत असताना त्यांच्या ध्यानात आले की काही गावांत माणसे पटापट मरतात आणि लगतचे एखादे गाव मात्र सुटते. त्यांनी गावांतील घरे मोजली आणि मांजरेही मोजली. ज्या गावांत निम्म्याहून अधिक घरांत मांजर आहे तिथे प्लेग फिरकत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले आणि १९०८ साली त्यांनी ते विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. सरकारी अंमलदारांनी लस टोचणे, घरे रिकामी करणे, फवारणे यांवर एवढा पैसा खर्च करावा, आणि एका डॉक्टराने घरोघरी मांजर पाळा म्हणून सांगावे! त्या काळी हे वाचून कोणी हसलेही असतील. आम्हांला मात्र त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. इतरांनी रोगी मोजले, यांनी मांजरे मोजली.

तरीपण ही साक्ष जशीच्या तशी धरून चालणार नाही. ज्या गावी घरोघर मांजर, त्या गावची घरे व धान्य साठविण्याची रीतही वेगळी असू शकते. नुसत्या मोजणीने कारण सिद्ध होत नाही. दुसरे असे की प्लेग झालेला उंदीर खाऊन मांजरालाच प्लेग होतो हे आज पक्के ठाऊक आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात २३ माणसांना मांजरांपासून प्लेग झाला व त्यांतील ५ दगावली. आपल्याकडे १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी व पाठोपाठ सुरतेत प्लेग पुन्हा डोके वर काढून गेला. तेव्हा घरात किंवा गोठ्यात कारण नसताना उंदीर पटापट मरून पडू लागले तर मांजर शिकारीला लागले असे समजून खूश होऊ नये. मेलेल्या उंदरांना हात न लावता ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे.

मांजर खरोखर किती उंदीर मारते? इथे आपला समज आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे. मांजर सर्वांत चांगले काम करते ते लहान घरउंदरांवर आणि मोठ्या उंदरांच्या पिल्लांवर. पूर्ण वाढलेली घूस समोर आली की पुष्कळ मांजरे मान वळवून निघून जातात, आणि त्यांत त्यांचे काही चुकते असे नाही. घूस चावली तर जखम चिघळते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील कचऱ्याच्या एका कारखान्यात ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिले. उंदीर भरपूर, मांजरेही वावरत होती. पण एवढ्या दिवसांत मांजरांनी उंदरांवर झडप घातली ती केवळ ३ वेळा आणि मारले २. मात्र मांजर फिरत असले की उंदीर बाहेर कमी दिसत. ते गेलेले नसत, दडलेले असत. शेतकऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मांजर आणल्यापासून उंदीर दिसत नाहीत एवढ्यावरून उंदीर संपले असे होत नाही.

संपले की नाही हे पाहण्याची साधी रीत आहे. संध्याकाळी घर, गोठा व खळ्याभोवतालची सर्व बिळे ओल्या मातीने लिंपून टाकावीत आणि सकाळी किती पुन्हा उकरली गेली ते मोजावे. जेवढी उकरली तेवढी चालू बिळे. कोठारात भिंतीकडेला बारीक राख पसरून ठेवली तर सकाळी पावले दिसतात. आठवड्यातून एकदा हे केले म्हणजे आपले मांजर कामाचे आहे की नुसते चुलीपाशी झोपणारे आहे, याचा निकाल लागतो. एरवी ‘उंदराला मांजर साक्ष’ ही म्हण आहेच.

मग मांजर निरुपयोगी म्हणावे काय? तसेही नव्हे. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी इंग्लंडातील शेतवाड्यांवर मांजरांचे काम तपासले आणि १९५३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिथे उंदरांनी आधीच ठाण मांडले होते तिथे मांजरांनी त्यांना हुसकल्याचे दिसले नाही. परंतु आधी दुसऱ्या उपायांनी वाडा उंदरांपासून मोकळा केला आणि मग तिथे मांजरे ठेवून त्यांना रोज दूध घातले, तर नवे उंदीर येऊन वसत नाहीत. घराच्या अवतीभवती काही अंतरापर्यंत मांजरांचा पहारा टिकतो. म्हणजे चोर घरात शिरल्यावर त्याला बाहेर काढणे हे मांजराचे काम नव्हे. दाराशी बसून नव्या चोराला आत येऊ न देणे हे त्याचे काम.

यातून आणखी एक गोष्ट निघते. मांजर उपाशी ठेवले म्हणजे उंदीर जास्त मारील, असे आपल्याकडे सर्रास समजतात. हे उलटे आहे. मांजराची शिकार भुकेवर अवलंबून नसते. पोट भरलेले मांजरही हललेल्या वस्तूवर झेप घेते. उपाशी मांजर मात्र आपले कोठार सोडून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात किंवा मासळी सुकत घातलेल्या अंगणात जाते. पोटभर घातलेले मांजर जागेवर राहते, आणि जागेवर राहिले तरच राखण होते. घालावे मात्र मासळीची डोकी, उकडलेले मांस, अंडे, थोडा भात कालवून. दूध हे मांजराचे अन्न असा समज असला तरी पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही व हगवण लागते. पाण्याची वाटी मात्र नेहमी भरलेली हवी.

आता जोखमीची बाजू. हिच्यावर आम्ही अधिक लिहिणार आहोत, कारण धान्य गेले तर पुढल्या हंगामात येते.

पहिला आणि सर्वांत मोठा धोका रेबीजचा. रेबीज कुत्र्याचा रोग म्हणून आपण कुत्रा चावला तर धावपळ करतो. मांजराने बोचकारले तर मुलाला दोन शब्द सुनावून विषय संपवतो. मांजरापासूनही रेबीज होतो. रात्रभर बाहेर फिरणारे, बोक्यांशी भांडणारे, पिसाळलेल्या कुत्र्याच्या तावडीतून सुटून आलेले मांजर सकाळी मुलांच्या अंथरुणात येऊन झोपते. एकदा रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही असेच धरून चालावे. पण लक्षणे दिसण्यापूर्वी लस घेतली तर तो हमखास टाळता येतो. म्हणून मांजर चावले किंवा त्याच्या नखाने कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून १५ मिनिटे, कारण भीतीच्या वेळी दोन मिनिटेही फार वाटतात. चुना, तिखट, हळद, तेल, तंबाखू यांतले काहीही जखमेत भरू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तिथे ही लस विनामूल्य मिळते. कातडीत टोचण्याच्या पद्धतीने ती पहिल्या दिवशी आणि त्यापासून ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. रक्त आले असेल तर डॉक्टर जखमेत निराळे इंजेक्शनही देतात. त्याला नाही म्हणू नये. मांजर १० दिवस डोळ्यांसमोर राहील असे पाहावे, पण त्याची वाट पाहत लस लांबवू नये. मांजर जिवंत व धडधाकट राहिले तर पुढच्या सुया घ्याव्यात की नाही ते डॉक्टर सांगतील. मंत्र घालणारा, अंगारा देणारा यांच्याकडे आधी जाऊन मग दवाखान्यात येणे हे आपल्या घरांतही अजून घडते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

ज्याला मांजर ठेवायचे आहे त्याने तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी टोचावी. लस न टोचलेले मांजर मुलांच्या घरात ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याला ते जास्त कडक वाटले तरी चालेल.

दुसरा धोका गरोदर स्त्रियांचा. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जंतू उंदीर व कच्चे मांस खाणाऱ्या मांजराच्या पोटात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. एरवी धडधाकट माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. परंतु गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. याचा अर्थ सुनेला मांजर दिसले की हाकलावे असा नव्हे. मांजराला नुसता हात लावल्याने हा रोग सहसा येत नाही. बहुतेक मांजरे आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर काही थोडे आठवडे, हे जंतू बाहेर टाकतात, आणि विष्ठेतले जंतू लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरली तर धोका पुष्कळ कमी होतो. ते काम गरोदर बाईने करू नये. घरातल्या पुरुषाने करावे, त्यात कमीपणा नाही. पालेभाजीच्या वाफ्यात खुरपताना तिने हातमोजे घालावेत, भाजी भरपूर पाण्यात धुवावी, आणि मटण चांगले शिजवावे. कच्चट मांस हा या रोगाचा तितकाच मोठा मार्ग आहे. हाच जंतू शेळ्यामेंढ्यांचे गाभ पाडतो. म्हणून मांजराला वैरणीत व खुराकाच्या पिंपात बसू देऊ नये. विशेषतः पिल्लांची वीण पेंढ्याच्या उडवीत किंवा गव्हाणीत होऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट, मांजर असले म्हणून उंदराच्या मुताचा रोग टळत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने किती माणसे आजारी पडली ते पुष्कळांना आठवत असेल. हे जंतू उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात व चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे दिसले तर साधा ताप समजून अंगावर काढू नये. आणि मांजराने अभिमानाने दारात आणून टाकलेला उंदीर मुलांनी शेपटीला धरून उचलू नये. फावड्याने उचलून पुरावा.

कोंबड्या पाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नकोच. पिल्ले खुराड्याबाहेर चरत असताना मांजर त्यांत आणि उंदरांत भेद करीत नाही. चिमण्या, सरडे, खारी यांचाही फडशा पाडते. गव्हाणी घुबड व धामण हे दोघे आपले जुने, बिनपगारी राखणदार. त्यांना अशुभ म्हणून दगड मारायचे आणि मांजर विकत आणायचे, हा हिशेब आम्हांला कधीच समजला नाही.

विष आणि मांजर एकत्र चालत नाहीत, हे पक्के धरावे. झिंक फॉस्फाईडची काळसर पूड भरड्यात व गोड्या तेलात कालवून बिळाशी ठेवतात. तिचा पोटात विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. ते विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही दगावू शकते. ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर तर काही दिवस अर्धमेला फिरत राहतो आणि मांजराला आयताच सापडतो. अशा वड्या मुलांना खाऊसारख्या दिसतात हे वेगळेच. म्हणून आधी विष किंवा सापळे लावून बिळे बंद करावीत, मेलेले उंदीर शोधून पुरावेत, उरलेले विषारी खाद्य खोल गाडावे, आणि हे सारे संपल्यावर काही आठवड्यांनी मांजर आणावे. मांजर असताना पुन्हा उंदीर वाढले तर सापळेच लावावेत. गुरांच्या गोचिडांसाठी फवारायची औषधेही मांजराला सोसत नाहीत. फवारलेल्या दिवशी त्याला गोठ्यात सोडू नये. तापाची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषच आहे. आजारी मांजराला ती दिली तर दयेने मारल्यासारखे होते.

राहिला प्रश्न पिल्लांचा. मांजर पिल्ले घेऊन सात घरे फिरते म्हणतात, पण सातांपैकी एकाही घराला ती नको असतात. भाटी पाच-सहा महिन्यांतच माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि वर्षात दोन-तीनदा विऊ शकते. एका भाटीचा दोन वर्षांत कळप होतो. त्यांतली अर्धी रोगट, लस न टोचलेली, आणि शेवटी कोणीतरी रात्री पोते भरून बाजाराच्या कडेला सोडून येतो. याला आम्ही पाप म्हणतो. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात २४१८ क्रमांकाच्या परिच्छेदात दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी जायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. लिमाचे संत मार्टिन दी पोरस यांच्याविषयी सांगतात की त्यांच्या ताटात कुत्रा, मांजर आणि उंदीर एकत्र जेवत. आपण काही संत नव्हे. आपल्याकडे तिघांना वेगळेच ठेवावे लागेल. पण पाळलेल्या जिवाची जबाबदारी ही आपली, एवढे तरी त्यांच्याकडून घेता येते. भाटी असो वा बोका, सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्यावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, आणि धर्मग्रामातील चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी मांजरे नेली तर जाण्यायेण्याचा खर्च वाटला जातो. नसबंदी केलेला बोका कमी भटकतो, भांडणे कमी करतो, आणि शिकार तशीच करीत राहतो.

मांजर ठेवण्याच्या आधी कोठाराची डागडुजी करावी, ही गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवली, कारण हिच्यात खर्च आहे आणि खर्चाचे नाव काढले की वाचक पान उलटतो. लहान उंदीर अर्ध्या सेंटिमीटरहून थोड्याशा मोठ्या फटीतून आत येतो. दाराच्या खालच्या अंगाला पत्रा ठोकावा, भिंतीतील भोके सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बुजवावीत, पोती भिंतीपासून हातभर दूर फळ्यांवर रचावीत म्हणजे मागे बिळे होत नाहीत आणि मांजरालाही फिरता येते. बियाणे व घरखर्चाचे धान्य पत्र्याच्या कोठीत जाऊ शकले तर उत्तम. उडवी खांबांवर रचीत असाल तर प्रत्येक खांबाला पत्र्याची उलटी टोपी बसवावी. एवढे झाले की एक मांजर पुरते, फार तर दोन.

आणायचे ते शक्यतो शिकार करणाऱ्या भाटीचे, अडीच-तीन महिन्यांचे पिल्लू आणावे. आईबरोबर राहून ते शिकार पाहिलेले असते. आणल्याबरोबर मोकळे सोडू नये, पळून जाते. दोन-तीन आठवडे कोठारातच बंद ठेवून तिथेच रोज ठरल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी, खाऊ घालावे. एका कोपऱ्यात वाळूची पाटी ठेवावी व ती रोज साफ करावी. उंचावर, फळीवर पोते घालून झोपायची जागा करावी म्हणजे कुत्र्याची भीती राहत नाही. मग एके संध्याकाळी जेवणाच्या आधी दार उघडावे. भूक लागली की ते आपल्या वाटीकडे परत येते.